त्वचेची वेस

इतिहासाचे वाचन करणाऱ्यांना तटबंदीचे महत्त्व सांगावयास नको. किल्ला घ्यावयाचा तर तटाला खिंडार पाडावे लागते, सुरुंग लावावा लागतो, किंवा आतला कोणी फितूर व्हावा लागतो. अशीच एक तटबंदी प्रत्येक मनुष्य जन्मतः अंगावर घेऊन येतो. ती म्हणजे त्याची त्वचा. बाहेरचे पाणी, धूळ आणि जंतू आत शिरू नयेत व आतला ओलावा बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी निसर्गाने तिची योजना केलेली आहे. परंतु या वेशीवरच्या पहारेकऱ्याला शत्रू कोण आणि मित्र कोण हे ओळखता येत नाही. रोगाचे बीज तो जसे अडवतो तसेच औषधही अडवतो. आणि रोग जेव्हा खुद्द तटातच उद्भवतो तेव्हा वैद्याची अवस्था मोठी विलक्षण होते. दुखणे डोळ्यांसमोर असते, बोटाखाली लागते, आणि तरीही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सोरायसिस हा असाच एक रोग होय. या रोगावर औषध त्वचेतून आत नेण्यासाठी सूक्ष्म सुयांची पट्टी वापरता येईल काय, याचा शोध गेली काही वर्षे अनेक देशांतील प्रयोगशाळा घेत आहेत. नखाएवढी अथवा रुपयाएवढी चकती, तिच्यावर डोळ्यांना नीट दिसूही नयेत अशा शेकडो सुया, आणि अंगठ्याने दाबताच त्या त्वचेत शिरून विरघळून जाव्यात, अशी ही कल्पना आहे. ऐकणाराला ती सर्वस्वी नवी वाटते. पण तिच्यामागे दीड-दोन शतकांचा इतिहास उभा आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा गोव्याच्या बंदरातून व मुंबईच्या औषधबाजारातून गेलेला आहे. हा धागा मराठी वाचकांना सहसा कोणी दाखवीत नाही. तो उलगडून पाहावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. निरोगी त्वचेत खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, आणि शेवटी मृत होऊन नकळत गळून पडतात. या प्रवासाला सुमारे महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो. देहाची संरक्षणव्यवस्था, जिने परक्याशी लढावयाचे, ती चुकीच्या इशाऱ्याने आपल्याच त्वचेला चेतवते. पेशींची दाटी होते, आणि कोपर, गुडघे, पाठ, डोके अशा ठिकाणी लालसर, जाड चट्टे उठून त्यांवर रुपेरी खपल्या धरतात. रोग वर्षानुवर्षे येतो आणि जातो. तो मुळीच संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने, हात हातात घेतल्याने, एका ताटात जेवल्याने तो कोणालाही होत नाही.

ही शेवटची गोष्ट लोकांच्या गळी उतरण्यास फार काळ लागला, आणि अद्यापही ती पूर्णपणे उतरली आहे असे म्हणवत नाही. याचे कारण रोगाच्या नावाच्या इतिहासात आहे. जुन्या ग्रीकांनी खाज सुटणाऱ्या रोगांना जो शब्द वापरला त्यावरून सोरायसिस हे नाव आले. परंतु खपल्या धरणाऱ्या नाना विकारांची त्यांच्या वैद्यकात सरमिसळ होती. आपल्याकडे चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. सात मोठे आणि अकरा लहान. त्यांतील एककुष्ठाचे वर्णन माशाच्या खवल्यांच्या उपमेने केलेले आहे आणि आजचे पुष्कळ वैद्य त्यात सोरायसिसची खूण पाहतात. शास्त्रकारांनी प्रकार वेगळे केले खरे. पण जनसामान्यांच्या मनात कुष्ठ हा एकच शब्द राहिला आणि त्याचा अर्थ महारोग एवढाच उरला. युरोपातही याहून निराळे घडले नाही. इंग्लंडात रॉबर्ट विलन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्वचारोगांची शिस्तवार मांडणी केली आणि या रोगाचे नेमके वर्णन दिले. तरी त्याच्या एका प्रकाराला महारोगाचेच लॅटिन नाव चिकटून राहिले. ते काढून टाकण्याचे श्रेय व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा याला देतात. ही गोष्ट १८४१ ची. म्हणजे दोन रोगांची कागदोपत्री फारकत होऊन आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली.

कागदोपत्री झालेली फारकत व्यवहारात उतरतेच असे नाही, हे आम्हा कारकुनी पेशाच्या लोकांना वेगळे सांगावयास नको. आम्ही दूरच्या एका गावी बदलीवर असताना आमच्या शाखेत एक वडीलधारे सहकारी होते. ऐन जून महिन्यात, जेव्हा पंख्याखालीही घामाच्या धारा लागत, तेव्हा हे गृहस्थ पूर्ण बाह्यांचा सदरा मनगटापर्यंत बटण लावून घालीत. टेबलावरची नोंदवही बंद करण्यापूर्वी ती हलकेच झटकण्याची त्यांना सवय होती. चहाच्या कपांच्या रांगेत त्यांचा कप शेवटी, थोडा अंतर राखून ठेवलेला असे. कोणी एक शब्द बोलत नसे. बोलावे लागतच नव्हते. पुढे त्यांनी स्वतःच अर्ज करून बदली मागून घेतली. त्यांच्या त्वचेचे दुखणे किती होते हे आम्ही सांगू शकत नाही. त्या कपाचे किती होते याची मात्र कल्पना करता येते. औषधाच्या इतिहासाकडे पाहताना हा कप नजरेआड होऊ देता कामा नये, असे आम्हास वाटते.

आता आपल्या धाग्याकडे वळू. पोर्तुगीजांच्या अमलात गोवा आणि ब्राझील ही दोन टोके एकाच साम्राज्याच्या दाव्याला बांधलेली होती. काजू, अननस, पेरू ही फळे याच सागरी मार्गाने आपल्या किनाऱ्याला लागली. आम्हा नोकरदारांचा प्राणप्रिय ‘पगार’ हा शब्दही पोर्तुगीजांनीच आपल्याला देऊन ठेवला. याच वाटेने आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे एक पिवळसर पूड. ब्राझीलमधील बाहिया प्रांताच्या अरण्यात अरारोबा नावाचा एक मोठा वृक्ष होतो. त्याच्या खोडाच्या भेगांत व पोकळ्यांत ही पूड साठते. झाड तोडून, खोड चिरून ती खरवडून काढावी लागते. ताजी असताना ती फिकट पिवळी असते आणि हवा लागली की तपकिरी व पुढे जांभळट होत जाते. खरवडणाऱ्या लाकूडतोड्यांचे डोळे व चेहरा तिच्या धुळीने सुजून येत, इतकी ती दाहक असते.

हिंदुस्थानात ही पूड गोव्यातून येई, म्हणून तिला ‘गोव्याची पूड’ असेच नाव पडले. गजकर्णावर ती रामबाण समजली जाई. आपल्या खेड्यांत गजकर्णावर टाकळ्याचे बी वाटून लावण्याची चाल आहे. त्या बियांतही याच कुळातील द्रव्य सापडते, हे पुढे रसायनशास्त्राने दाखवून दिले. गोव्याच्या पुडीचा मूळ स्रोत कोणता हे मात्र व्यापाऱ्यांनी गुलदस्तात ठेवलेले होते. १८६४ साली मुंबईच्या केम्प यांनी या पुडीकडे इंग्रज औषधशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. कलकत्त्याचे नामांकित शल्यवैद्य जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये गजकर्णावरील तिच्या गुणाविषयी लिहिले. तो मजकूर साता समुद्रापलीकडे बाहियाच्या डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांच्या वाचनात आला, आणि ही तर आमच्याच अरण्यातली पूड, असे त्यांनी ओळखले. १८७५ मध्ये लंडनचे रसायनज्ञ ॲटफील्ड यांनी तिचे पृथक्करण केले. ज्या द्रव्याला त्यांनी क्रायसोफॅनिक आम्ल मानले ते वस्तुतः त्याचे भावंड असून वेगळे आहे, हे १८७८ साली लिबरमान व सायडलर यांनी सिद्ध केले, आणि ‘क्रायसारोबिन’ हे नाव रूढ झाले.

या पुडीचा सोरायसिसशी संबंध जुळला तो योगायोगाने. लंडनमधील त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी १८७६ साली तो जगापुढे मांडला. गजकर्णाच्या समजुतीने ही पूड लावली गेली, तो रोग प्रत्यक्षात सोरायसिस निघाला, आणि चट्टे मावळू लागले, अशी ती हकीकत वैद्यकाच्या इतिहासात सांगितली जाते. दोन वर्षांनी स्क्वायर यांनी या मलमावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. ज्या रोगावर तोपर्यंत सोमल आणि पारा यांखेरीज फारसे काही नव्हते, त्याला प्रथमच खात्रीचा म्हणावा असा उतार देणारे औषध मिळाले. आणि ते लावण्याचे होते, पोटात घेण्याचे नव्हते.

पुढे पहिले महायुद्ध आले. ब्राझीलचा माल जर्मनीला मिळेनासा झाला, तेव्हा तेथील रसायनज्ञांनी क्रायसारोबिनच्या नमुन्यावर एक कृत्रिम द्रव्य तयार केले. १९१६ साली गालेव्हस्की व उना यांनी त्याचा सोरायसिसवरील गुण प्रसिद्ध केला. तेच आज डिथ्रॅनॉल या नावाने ओळखले जाते. १९२५ मध्ये अमेरिकेत गेकरमन यांनी डांबराचा लेप आणि अतिनील किरण यांची जोड दिली. १९५३ मध्ये इंग्लंडात लीड्स येथील इन्ग्रम यांनी डांबराचे स्नान, किरण आणि डिथ्रॅनॉलचा घट्ट लेप असा दिनक्रमच बसवून दिला. गुण येई; परंतु किंमत कोणती? डांबराचा वास लपत नसे. डिथ्रॅनॉलने कातडी भाजे, आणि सदरे, चादरी, उशांचे अभ्रे यांवर जांभळट तपकिरी डाग पडत, ते धोब्याच्या हातूनही निघत नसत. जो रोग लपवण्यासाठी रुग्ण धडपडे, त्याचे औषधच त्याचा बोभाटा करी. कित्येकांनी या कारणासाठी उपचार अर्धवट सोडले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

दुसरी वाट पोटातून जाणारी होती, आणि तिच्या आरंभीही एक भारतीय नाव आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख झाले. पेशींच्या वाढीला लागणाऱ्या फोलिक आम्लाचा मार्ग अडवणारी द्रव्ये त्यांच्या पथकाने सिद्ध केली. ॲमिनॉप्टेरिन हे त्यांतले एक, आणि मेथोट्रेक्सेट हे दुसरे. १९४८ साली सुब्बाराव निवर्तले. त्याच वर्षी सिडनी फार्बर यांनी बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर ॲमिनॉप्टेरिनचा गुण जाहीर केला होता. १९५१ मध्ये गुबनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधेदुखीच्या रुग्णांना ते दिले असता एका रुग्णाच्या सोरायसिसचे चट्टे अकल्पितपणे निवळले. १९५८ पासून मेथोट्रेक्सेट या रोगावर वापरले जाऊ लागले आणि आजही ते वापरात आहे. आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे हे औषध चुकून रोज घेतले गेल्यास जिवावर बेतते. आणि योग्य प्रमाणात घेतले तरी यकृत व रक्त यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. चट्टे कोपरावर असतात, पण औषध सर्वांगात फिरून येते, हा त्यातला मुख्य दोष होय.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे मलम आले. १९८५ साली जपानमध्ये हाडांच्या विकारासाठी ड जीवनसत्त्वाचे एक रूप घेणाऱ्या रुग्णाचा सोरायसिस बरा झाल्याचे आढळले, आणि त्यातून त्या जातीची मलमे निघाली. एकविसाव्या शतकात रोगाच्या मुळाशी असलेले इशारेच अडवणारी प्रतिपिंडे आली. त्यांतले इटोलिझुमॅब हे २०१३ साली भारतातच बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने बाजारात आणले. या नव्या औषधांनी अनेकांचे आयुष्य पालटले यात शंका नाही. परंतु ती महाग असतात, टोचून घ्यावी लागतात, थंडपेटीत जपावी लागतात, आणि देहाच्या संरक्षणव्यवस्थेवर सरसकट परिणाम करू शकतात.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की या साऱ्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा घडते. गजकर्णासाठी लावलेली पूड, सांधेदुखीसाठी दिलेली गोळी, हाडांसाठी घेतलेले जीवनसत्त्व, ही सारी दुसऱ्याच कामासाठी निघाली आणि वाटेत सोरायसिसला भेटली. ही भेट फुकट गेली नाही, कारण प्रत्येक वेळी समोरच्या रुग्णाकडे लक्षपूर्वक पाहणारा कोणी वैद्य तेथे हजर होता. सूक्ष्म सुईची कथाही याच परंपरेतली आहे. तीही आली ती भलत्याच कारखान्यातून.

सुईने त्वचेची वेस ओलांडण्याची कल्पना आपल्या देशाला परकी नाही. बंगालमध्ये टीकादार मंडळी देवीच्या फोडांतील द्रव्य दंडावर लोखंडी हत्याराने बारीक ओरखडे काढून आत घालीत. त्याचे सविस्तर वर्णन हॉलवेल या इंग्रजाने १७६७ साली लिहून ठेवले आहे. जेन्नरची गोस्तनदेवीची लस बगदाद आणि बसरा या मार्गाने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी प्रवास करीत मुंबईस पोचली. आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती मुंबईत टोचण्यात आली. हिंदुस्थानात देवीची लस यशस्वीपणे टोचली गेलेली ती पहिली व्यक्ती होय. पुढे १८४४ मध्ये डब्लिनचे रिंड, आणि १८५३ मध्ये एडिंबरोचे अलेक्झांडर वुड व लिऑनचे प्राव्हाझ यांनी पोकळ सुई आणि पिचकारी प्रचारात आणली. तेव्हापासून वैद्यक त्वचेखाली खोल उतरू लागले आणि त्वचेचा थर केवळ ओलांडून जाण्याची जागा ठरला.

देवी टोचणाऱ्यांनी मात्र उथळ टोचण्याची जुनी विद्या सोडली नाही. १९६० नंतरच्या दशकात बेंजामिन रुबिन यांनी दुहेरी टोकाची सुई काढली. तिच्या दोन टोकांमध्ये लशीचा एक थेंब अडकून राही, आणि त्वचेवर पंधरा हलके टोचे मारले की काम होई. पूर्वीच्या चौथाई लशीत तेवढ्याच माणसांचे भागे. शिकवण्यास ही पद्धत इतकी सोपी होती की अल्पशिक्षित मनुष्यही ती थोड्या वेळात शिके. याच सुईने आपल्या देशातून देवीचे उच्चाटन केले. शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आढळला, आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. आपल्यापैकी वडील पिढीच्या दंडावर जो वण आहे तो या विजयाची मुद्राच म्हणावयास हरकत नाही. उथळ, लहान आणि सोपे टोचणे किती सामर्थ्यवान असू शकते, याचा हा आपल्याच देशातील दाखला होय.

इकडे त्वचेला न टोचता औषध आत सोडण्याचा प्रयत्नही चालू होता. १९७९ साली अमेरिकेत कानामागे चिकटवावयाच्या पट्टीला मान्यता मिळाली. प्रवासात मळमळू नये म्हणून तीन दिवस ती औषध झिरपवीत राही. मग हृदयविकाराच्या, पुढे तंबाखू सोडवण्याच्या पट्ट्या आल्या. परंतु या वेशीतून सर्वांना प्रवेश नसतो. त्वचेचा सर्वांत वरचा शृंगी थर दहा ते वीस मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा अथवा त्याच्या दुपटीएवढाच जाड असतो. पण तो इतका चिवट असतो की लहान आणि स्निग्धप्रिय रेणूच त्यातून पाझरू शकतात. ज्यांचे रेणुभार पाचशेहून अधिक आहेत त्यांना तेथे जवळजवळ मज्जाव असतो. प्रतिपिंडाचा भार दीड लाखाच्या घरात जातो. तेव्हा त्याची कथाच नको. मेथोट्रेक्सेट भाराने या मर्यादेत बसते, पण ते पाण्याच्या ओढीचे असल्यामुळे या तेलकट तटापाशी अडते.

मग या शृंगी थरापुरतेच खिंडार पाडले तर? खाली जेथे मज्जातंतू दाट आहेत तेथवर न जाता? हा प्रश्न गर्स्टेल व प्लेस यांनी विचारला, आणि १९७६ साली त्यांना अशा सूक्ष्म सुयांच्या साधनाचे एकस्व मिळाले. कल्पना कागदावर सिद्ध झाली. पण एवढ्या बारीक सुया शेकड्यांनी घडवणार कोण? लोहार, सोनार, घड्याळजी यांपैकी कोणाचाही हात तेथे चालण्यासारखा नव्हता. हे काम अखेर संगणकाच्या चिप घडवणाऱ्या कारखान्यांनी शिकवले. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर वायूच्या साह्याने सूक्ष्म कोरीव काम करण्याची जी विद्या तेथे विकसित झाली, तिचा उपयोग करून अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत मार्क प्रॉस्निट्झ, मार्क ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दीडशे मायक्रोमीटर लांबीच्या सुयांचे ताटवे तयार केले. १९९८ साली त्यांनी दाखवून दिले की त्वचेच्या नमुन्यातून एरवी जे द्रव्य जवळजवळ जात नाही, ते या सुया टोचल्यावर हजारपटींहूनही अधिक वेगाने जाऊ शकते. चोवीस वर्षे एकस्वाच्या दप्तरात पडून राहण्याची वेळ त्या कल्पनेवर आली नाही, तरी बावीस वर्षे तिला खोळंबावे लागलेच. सरकारी फायलीच्या मानाने हा कालावधी फार मोठा नाही, असे आमचे काही वाचक म्हणतील.

पुढे सिलिकॉन मागे पडून सुया इतर पदार्थांच्या होऊ लागल्या. काही सुया भरीव असतात; त्या केवळ छिद्रे पाडतात आणि मग वरून मलम लावावयाचे. काहींवर औषधाचा मुलामा असतो. काही पोकळ असतात. सर्वांत मनोवेधक प्रकार विरघळणाऱ्या सुयांचा. साखरेसारख्या किंवा हायलुरॉनिक आम्लासारख्या देहाला मानवणाऱ्या पदार्थात औषध कालवून ते साच्यात ओततात, सुकवतात, आणि पट्टी त्वचेवर दाबली की आतल्या ओलाव्याने त्या सुया बत्ताशाप्रमाणे विरघळून औषध तेथेच सोडतात. मागे टोकदार कचरा राहत नाही, कोणाला चुकून टोचत नाही, रक्त येत नाही. २०१७ साली इन्फ्लुएंझाच्या लशीची अशी पट्टी माणसांवर प्राथमिक चाचणीत सुरक्षित ठरली. आणि गोवर व रुबेला यांच्या पट्टीची गांबियात अगदी लहान बालकांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचेही निष्कर्ष आशादायक होते.

सोरायसिसच्या बाबतीत प्रगती अद्याप पहिल्या पायऱ्यांवर आहे. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी मोजक्या रुग्णांच्या हट्टी चट्ट्यांवर नेहमीचे मलम लावून वर हायलुरॉनिक आम्लाच्या सुयांची पट्टी दाबली आणि मलमाचा गुण वाढल्याचे २०१८ च्या सुमारास नोंदवले. चीनमधील संशोधकांनी २०१९ साली सुब्बारावांचे तेच मेथोट्रेक्सेट विरघळणाऱ्या सुयांत भरले. उंदरांच्या त्वचेवर सोरायसिससारखा दाह निर्माण करून त्यांनी ही पट्टी वापरली, तेव्हा तेवढेच औषध पोटातून देण्यापेक्षा पट्टीचा गुण सरस आढळला. यातले मर्म उघड आहे. चट्टा जेथे आहे तेथेच औषध उतरले तर ते थोडे पुरते, आणि यकृतावरचा भार टळण्याची आशा असते. पण उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, आणि मोजके रुग्ण म्हणजे सारा रुग्णवर्ग नव्हे, हे विसरून चालणार नाही.

शिवाय या कथेत इतिहासानेच उभा केलेला एक आक्षेप आहे. जर्मन वैद्य हाइनरिख कोबनर यांनी १८७२ साली असे मांडले की सोरायसिसच्या रुग्णाच्या निरोगी त्वचेला जखम झाली, ओरखडा गेला, सुईने गोंदले, तर नेमक्या त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. या घटनेला आजही त्यांचेच नाव आहे. ज्या त्वचेला टोचणे मानवत नाही तिच्यावर शेकडो सुया दाबावयाच्या, यातला विरोध स्पष्ट आहे. सुया अतिसूक्ष्म असल्यामुळे आणि त्या चट्ट्यावरच दाबावयाच्या असल्यामुळे भय कमी आहे, असे संशोधक म्हणतात. तरी दीर्घकाळच्या चाचण्यांनीच त्याचा निर्णय लागेल. दुसरी अडचण मात्रेची. एका पट्टीत मावणारे औषध फार थोडे असते. सर्वांगभर पसरलेल्या रोगाला ती पुरी पडणार नाही. चट्ट्याची जाडी ठिकठिकाणी वेगळी असते, त्यामुळे सुई किती खोल जाईल हेही सर्वत्र सारखे राहत नाही. कोपरावरचा, गुडघ्यावरचा, वर्षानुवर्षे न हटणारा एखादा चट्टा, हेच तूर्त तिचे योग्य क्षेत्र दिसते.

एवढे सगळे मान्य करूनही या पट्टीकडे आम्ही आशेने पाहतो, आणि त्याचे कारण केवळ वैद्यकीय नाही. कोरडी पट्टी पुष्कळदा थंडपेटीवाचून टिकते. तिला डांबराचा वास नाही, डिथ्रॅनॉलचे डाग नाहीत. ती लावण्यास दवाखान्यात रांग धरावी लागत नाही. ज्यांची बिऱ्हाडे दर तीन वर्षांनी देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हलतात, ज्यांचा डॉक्टर बदलतो, भाषा बदलते आणि उपचाराचे कागद ट्रंकेत राहून जातात, त्यांना याचे मोल अधिक कळेल. मात्र हे साधन श्रीमंतांच्या सौंदर्यप्रसाधनांपुरते राहते की जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पोचते, हा प्रश्न सुईच्या टोकावर सुटणारा नाही. देवीची दुहेरी सुई स्वस्त होती आणि शासनाने ती खेड्यापर्यंत नेली, म्हणून ती विजयी झाली. नव्या सुईचीही कसोटी तीच राहील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सोरायसिसवर ठराव केला, आणि २०१६ च्या अहवालात या रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेचा स्पष्ट उल्लेख केला. दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन पाळला जातो. ठराव आणि दिवस यांचे सामर्थ्य मर्यादित असते हे खरे. तथापि हेब्राने १८४१ साली जे वेगळे केले ते लोकांच्या मनातही वेगळे व्हावे, एवढे काम त्यांनी केले तरी पुष्कळ होईल.

बाहियाच्या अरण्यातून गोव्यात, गोव्यातून मुंबईत, मुंबईहून लंडनला गेलेल्या एका पिवळ्या पुडीपासून आपण निघालो आणि सिलिकॉनच्या चकतीपाशी येऊन पोचलो. या दीडशे वर्षांत औषधाने त्वचेची वेस ओलांडण्याच्या नाना युक्त्या शोधल्या आणि तो शोध अजून चालू आहे. पण रुग्ण आणि त्याच्या शेजाऱ्याच्या मध्ये जी वेस आहे तिला कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. हा रोग संसर्गजन्य नाही, एवढी एकच गोष्ट ज्याला पक्की ठाऊक आहे त्याने चहाचा कप रांगेत बरोबरीने ठेवला की ती वेस तेवढ्यापुरती उघडते. सुया तयार होईपर्यंत एवढे तरी प्रत्येक कचेरीत होऊ शकते.